आक्का, घर नंबर सत्तेचाळीस

“बठ्ठं देखं मॅडम. काहीच नही शे.”

सगळं बघून झालं, असं सांगत देवरे भाऊसाहेबांनी रजिस्टर मिटलं आणि त्याच्यावरची धूळ फुंकली. ती नेमकी माझ्या चहात पडली. देवरे म्हणजे नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूमचे लिपिक, निवृत्तीला आलेले. माझ्या मागे स्टुलावर कमलताई बसल्या होत्या. मांडीवर कापडाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत त्यांचे सगळे कागद, आणि कागदांत सर्वांत वर नगरपालिकेची नोटीस. सुनावणी पुढच्या मंगळवारी होती. तोवर त्यांच्या आईचं नाव जुन्या दप्तरात सापडलं नाही, तर त्यांचं घर अतिक्रमण ठरणार होतं.

“मी एकदा बघते,” मी म्हटलं.

“बघा ना. पन मी देखेल शे.”

तीस वर्षांहून जास्त काळ मी हेच वाक्य ऐकत आले आहे. भूमी अभिलेख खात्यातून मी अभिलेखपाल म्हणून निवृत्त झाले. अभिलेखपाल म्हणजे जुने कागद सांभाळणारी आणि मागेल त्याला शोधून देणारी. नोकरी यावलला सुरू झाली, मग भुसावळ, शेवटी जळगाव. आता लोक विचारतात, निवृत्तीनंतर काय करता? मी सांगते, तेच करते, फक्त आता मस्टरवर सही नसते. कुणाच्या आजोबांची नोंद सापडत नाही, कुणाचा प्लॉट नकाशात एका ठिकाणी आणि जमिनीवर दुसऱ्या ठिकाणी असतो, ते लोक कुणाकडून तरी माझा पत्ता काढतात. कमलताई अशाच आल्या होत्या, एस.टी.नं, उन्हातून, घरी केलेल्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी घेऊन.

प्रकरण असं होतं. तालुक्याच्या शहराला चिकटून त्यांचं गाव. नाव सांगत नाही, कारण माणसं अजून तिथेच राहतात आणि मला तिथे पुन्हा जायचं आहे. जळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला, जिथे घरात आणि बाजारात अहिराणीच चालते, अशा भागातलं. काही वर्षांपूर्वी शहराची हद्दवाढ झाली, म्हणजे शहराची सीमा पुढे सरकली आणि गाव नगरपालिकेत गेलं. ग्रामपंचायत बंद झाली. तिचं दप्तर टेम्पोत भरून नगरपालिकेत आलं. मग कापसाच्या शेतांवर कॉलन्या उठल्या, कॉलन्यांना रस्ता हवा झाला, आणि रस्त्याची आखणी करताना कमलताईंचं घर मध्ये आलं.

“मनं घर रस्तावर नही शे, मॅडम,” पहिल्या दिवशी माझ्या घरी बसून त्या म्हणाल्या होत्या. “रस्ताच मना घरले येल शे.”

रस्ताच घराकडे चालून आलाय, हे वाक्य मला इतकं आवडलं की मी केस तिथेच घेतली.

कमलताई अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा भुसावळला रेल्वेत होता. तो अचानक गेला, तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं आणि त्या मुलीला घेऊन माहेरी आल्या. वडील आधीच वारले होते. आईनं घर दिलं, आधार दिला, आणि जाताना घर त्यांच्या नावावर केलं. कसं केलं? तर ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं, आता हिचं नाव लावा. त्यांनी लावलं. तेव्हा असंच चालायचं. आता नगरपालिकेच्या कॉम्प्युटरात कमलताईंच्या आधी कुणाचंच नाव नव्हतं. इंजिनियर साहेबांनी त्यावरून निष्कर्ष काढला की घर अलीकडचं आहे आणि सरकारी जागेवर बांधलेलं आहे. नोटिशीत लिहिलं होतं, ‘श्रीमती वत्सलाबाई दौलत सोनवणे यांचे नावे कोणतेही घर जुन्या नोंदवहीत आढळून येत नाही.’ आखणी होती तशी राहिली तर पुढची खोली आणि स्वयंपाकघर जाणार होतं. उरणार होती मोरी आणि बाजूचा बोळ.

“सातबारा ऑनलाइन काढला,” कमलताई म्हणाल्या. “मुलीनं मोबाइलवर काढला. त्यात नाव नाही.”

“असणारच नाही. सातबारा शेताचा असतो, घराचा नाही.”

इथे निम्मे लोक चुकतात, म्हणून नीट सांगते. शेतजमिनीचा कागद म्हणजे सातबारा. गावातली घरं ज्या जागेवर असतात तिला गावठाण म्हणतात. गावठाणाची मोजणी झाली असेल तर घराचं मालमत्ता पत्रक मिळतं. इथे मोजणी झालेली नव्हती. मग उरतो ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरांची नोंदवही. घर नंबर, राहणाऱ्याचं नाव, किती खण, म्हणजे खांबांमधले गाळे, भिंत मातीची की विटांची. नमुना आठ हा मालकीचा पुरावा नाही, असं कोणताही वकील तुम्हाला लगेच सांगेल, आणि ते खरंच आहे. पण घर केव्हापासून उभं आहे आणि त्यात कोण राहतं, एवढं त्यातून दिसतं. आम्हाला तेवढंच हवं होतं.

देवऱ्यांनी जुन्या नोंदवह्या पुन्हा काढून दिल्या. जुनं दप्तर लाल कापडात गाठ मारून बांधलेलं असतं. त्याला आम्ही रुमाल म्हणतो. रुमाल सोडायचा, पानं मोजायची, फाटकं पान असेल तर आधी लिहून ठेवायचं, नाहीतर ते तुम्हीच फाडलं असं होतं. मी ‘वत्सला’ शोधलं. मग ‘वच्छला’ शोधलं, ‘वछलाबाई’ शोधलं, कारण लिहिणारा कानावर पडेल तसं लिहितो. मग नवऱ्याच्या नावानं ‘दौलत’ शोधलं. दौलत तीन सापडले. एक पाटील, दोन महाजन. सोनवणे एकही नाही.

“सांगेल व्हतं ना,” देवरे म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, कंटाळा होता. तो जास्त टोचतो.

संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघाले. खरं सांगते, रागावले होते, आणि राग स्वतःवर होता. नव्या लोकांना मी ट्रेनिंगमध्ये पहिल्याच तासाला सांगायची, नावानं शोधू नका, जागेनं शोधा. नाव लग्नात बदलतं, लिहिताना बिघडतं. जागा हलत नाही. जागेला चार बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला कुणीतरी शेजारी असतो. याला चतुःसीमा म्हणतात. आणि मी मात्र घाईत, मंगळवार जवळ आला म्हणून, नाव शोधत बसले होते.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड रूममध्ये गेलेच नाही. सरळ गावात गेले.

घर साधंच. मातीच्या जाड भिंती, वर पत्रे, पुढे सिमेंटचा ओटा, दारात कडुनिंब. मी वहीत लिहिलं. दक्षिणेला रस्ता. उत्तरेला जुनी विहीर, आता झाकलेली. पश्चिमेला बोळ. पूर्वेला सलीमभाई पिंजारी यांचं घर. सलीमभाई गाद्या-रजया भरतात. साठीचे असतील. दारात कापसाचा ढीग, आणि त्यांच्या भुवयांवरही कापूस.

“तुमच्या घराचा काही जुना कागद आहे का, सलीमभाई?”

“है ना. अब्बानं घर विकत घेतलं ना. खरेदीखत आहे. पन आमच्या घरले काय झालं मॅडम? नोटीस तर ताईले आलीये.”

“तुमच्या घराला काही झालेलं नाही. तुमचा कागद तिचं घर वाचवू शकतो.”

हे त्यांना पटलं नाही, पण ते आत गेले. ही युक्ती मी आजवर कितीतरी लोकांना सांगितली आहे आणि दरवेळी समोरचा असाच बघतो. तुमच्या घराचा कागद नसेल तर शेजाऱ्याचा बघा. रजिस्टर्ड खरेदीखतात घराच्या चारही बाजूंना काय आहे ते लिहावंच लागतं. शेजाऱ्यानं ज्या वर्षी घर घेतलं, त्या वर्षी तुमचं घर तिथे उभं होतं, याची साक्ष त्याच्या कागदात सरकारी शिक्क्यासह बसलेली असते. आणि त्या वेळी तुमच्याशी कुणाचा वाद नव्हता, त्यामुळे कुणी खोटंही लिहिलेलं नसतं.

सलीमभाईंनी लोखंडी पेटी उघडली. प्लॅस्टिकच्या आत कापड, कापडाच्या आत कागद. स्टॅम्प पेपर पिवळा पडलेला, अक्षर मात्र ठळक. मी थेट चतुःसीमेवर आले. पूर्वेस मशिदीची वाट. दक्षिणेस रस्ता. उत्तरेस विहीर. पश्चिमेस...

‘पश्चिमेस आक्का दाईचे घर.’

“कमलताई, तुमच्या आई दाई होत्या?”

“हां. गावनी बठ्ठी बाळंतपणं तीच करे. मी सांगं नही का?”

“नाही सांगितलंत.”

“तुम्ही इचारं नही.”

ते खरं होतं. मी नाव विचारलं होतं, वय विचारलं होतं, मृत्यूचा दाखला मागितला होता. बाई काय करायची, हे विचारलं नव्हतं.

“आक्का का घर तो यही है ना, मॅडम,” सलीमभाई म्हणाले. “मैं भी आक्का के हाथ का हूँ. माझे तिन्ही भाऊ बी.”

आणि मग मला आठवलं. पेटीवर टेकून मी एक क्षण डोळे मिटले, कारण मला पान आठवत होतं. आदल्या दिवशीचं रजिस्टर, उजवं पान, मधोमध. घर नंबर सेहेचाळीस, भिला तुकाराम, खण तीन. घर नंबर सत्तेचाळीस, आक्का, खण दोन. मी ती ओळ वाचली होती. वाचून पुढे गेले होते. मला वाटलं होतं, भिला तुकारामची थोरली बहीण असेल, त्याच्याच घराच्या दोन खणांत वेगळी राहत असेल. आमच्याकडे घरोघरी एक आक्का असते. माझ्या स्वतःच्या थोरल्या बहिणीला मी जन्मभर आक्काच म्हणत आले. तिचं खरं नाव मला तिच्या लग्नाच्या पत्रिकेत कळलं. पुण्याची किंवा कोकणातली कारकून बाई असती तर त्या ओळीवर थांबली असती आणि विचारलं असतं, हे काय नाव झालं? मी खान्देशातली, म्हणून मला त्यात काही विचित्र वाटलंच नाही.

त्याच दुपारी मी देवऱ्यांसमोर तो रुमाल पुन्हा सोडला आणि सत्तेचाळीस नंबरवर बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

त्यांनी चष्मा वर केला. “आक्का.”

“कोण आक्का?”

“आक्का म्हंजे आक्काच. कमलताईनी माय.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत म्हंजे? मी त्याच गावना शे, मॅडम.”

“मग काल तुम्ही मला ‘काहीच नही शे’ कसं सांगितलं?”

देवरे खरोखर गोंधळले. “तुम्ही वत्सलाबाई इचारं. वत्सलाबाई कोन ते माले काय माहीत?”

माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या टेबलावरचे दोघं वर बघू लागले. मी म्हटलं, सरकारी नोंदवही आहे ही, त्यात माणसाचं नाव लिहायचं असतं, नातं नाही. ज्यानं हे लिहिलं त्यानं एकदा तरी विचारायचं की नाही, की बाई, तुझं नाव काय? देवऱ्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, “मॅडम, लिहिणारा आमना गावनाच व्हता. त्याना जनम बी तिनाच हातवर. त्यानी तिले कसं इचारानं, तुनं नाव काय? मोठं मानूसनं नाव तोंडवर कोन लेस?”

तो माणूस कामचुकार नव्हता. त्यानं मान राखला होता, आणि त्या मानापायी इतक्या वर्षांनी बाईंच्या मुलीचं घर जायला निघालं होतं.

आता निम्मं काम झालं होतं. घर होतं, आणि ते आक्काचं होतं. पण कमलताईंकडच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव होतं वत्सलाबाई. सुनावणीला बसणारे मुख्याधिकारी वऱ्हाडातले. ते पहिलाच प्रश्न विचारणार, कुणाची आक्का? आणि त्यांचं बरोबरच असणार.

“मी प्रतिज्ञापत्र करून देते ना,” सोबत आलेल्या कमलताई म्हणाल्या. “आक्का म्हणजेच माझी आई.”

“तुम्ही ते आज लिहाल. नोटीस आल्यावर लिहिलेला कागद सोयीचा वाटतो. आपल्याला असा कागद हवा, जो कुणी तुमच्यासाठी लिहिलेला नाही, आणि ज्यात दोन्ही नावं एकत्र आहेत.”

“तो कुठे असेल?”

मी विचार केला. ही बाई शाळेत गेली नाही. तिनं जमीन घेतली नाही, विकली नाही. तिचं नाव सरकारदरबारी कशाला येईल? आणि मग माझं मलाच हसू आलं. दाई होती ना ती. गावातल्या प्रत्येक जन्माची नोंद व्हायची. पूर्वी बाळंतपणं घरी व्हायची आणि नोंदवही गावातच असायची. तिच्यात एक रकाना असतो, खबर देणाऱ्याचं नाव. बाळ जन्मलं हे येऊन कोण सांगणार? बाप शेतात, आई बाजेवर. दाईच सांगणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी जन्माच्या वह्या काढायला देवऱ्यांनी कुरकुर केली नाही. स्वतः शिडीवर चढले. आम्ही तिघांनी मिळून वाचायला घेतलं. मी पान उलटायची, देवरे रकाना वाचायचे, कमलताई फक्त बघत होत्या. त्यांचा चष्मा घरी राहिला होता आणि त्या तो आणायला जायला तयार नव्हत्या.

खबर देणार, आक्का. खाली अंगठा. खबर देणार, आक्का. अंगठा. पानामागून पान. गावाचं अर्धं आयुष्य तिथे ओळीत मांडलेलं होतं आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच निळा अंगठा. कमलताईंना अक्षर दिसत नव्हतं, अंगठे दिसत होते. त्या एकेका अंगठ्याला हात लावायच्या आणि मी त्यांना हात लावू नका म्हणायची, कारण जुनी शाई घामानं पुसते. तिसऱ्यांदा मी पान त्यांच्याकडे सरकवलं.

एका पानावर देवरे थांबले. वाचेनात. मी बघितलं तर बापाचं नाव त्यांच्याच वडिलांचं होतं. पुत्र, जात-गाव सगळं बरोबर, आणि खबर देणार, आक्का. देवऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “चला पुढे,” म्हणाले. त्यानंतर ते दुपारच्या जेवणाला उठले नाहीत. मग आम्ही तिथेच कळण्याच्या भाकरी आणि ठेचा खाल्ला, वह्या लांब सरकवून.

पण सगळीकडे नुसतं आक्का. पूर्ण नाव कुठेच नाही. लिहिणारा तोच, गावातला, मान राखणारा.

शुक्रवार गेला. सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मला पान उलटताना वेगळं वाटलं. अक्षर बदललं होतं. आधीचं गोल, पसरट होतं, हे तिरकं आणि बारीक. अक्षर बदललं की मी नेहमी थांबते. याचा अर्थ नेहमीचा माणूस आजारी आहे, रजेवर आहे, किंवा बदली झाली आहे. हा नवा माणूस प्रत्येक रकाना पूर्ण भरत होता. बापाचं वय, धंदा, सगळं. बाहेरगावचा असणार. त्याला इथे कोणी मामा, काका, आक्का नव्हतं.

दुसऱ्या ओळीवरच होतं. मी मोठ्यानं वाचलं.

“खबर देणार, वत्सलाबाई भ्रतार दौलत सोनवणे, ऊर्फ आक्का, धंदा सुईण, राहणार येथील घर नंबर सत्तेचाळीस.”

भ्रतार म्हणजे नवरा. जुन्या कागदांत बाईच्या नावापुढे असं लिहीत. सुईण म्हणजे दाईच, पण हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही. त्यावरूनच कळत होतं की लिहिणारा घाटावरचा आहे. त्या माणसानं बाईकडे बघून, अगदी कोरडेपणानं, नाव काय, असं विचारलं असणार. आणि तिनं ते सांगितलं. आठ-दहा दिवस तो तिथे होता. पुढे पुन्हा गोल अक्षर सुरू झालं आणि वत्सलाबाई पुन्हा आक्का झाली.

कमलताईंनी मला ते परत वाचायला लावलं. मी परत वाचलं. त्या रडल्या. मीही डोळे पुसले. निवृत्त झाल्यावर त्याला कोणाची परवानगी लागत नाही. देवऱ्यांनी मात्र सरळ नक्कल अर्जाचा फॉर्म पुढे केला आणि म्हणाले, “आज अर्ज द्या, आजच प्रत देस.” प्रमाणित प्रत त्याच दिवशी मिळालेली मी फारच थोड्या वेळा पाहिली आहे.

मंगळवारी सुनावणी. मुख्याधिकारी साहेब, इंजिनियर साहेब, आणि समोर आम्ही. सलीमभाईही आले होते, पांढरा स्वच्छ शर्ट घालून, भुवयांवर तरी थोडा कापूस होताच.

इंजिनियर साहेबांनी सुरुवात केली. “मॅडम, नमुना आठ हा मालकीचा पुरावा होत नाही.”

“नाहीच होत.”

ते जरा अडखळले. त्यांनी वादाची तयारी केली होती.

“मी मालकी सिद्ध करायला आलेच नाही,” मी म्हटलं. “तुमची नोटीस म्हणते, जुन्या नोंदवहीत हे घर नाही. मी सांगते, आहे. सत्तेचाळीस नंबरला. बघा.”

“इथे तर आक्का लिहिलंय,” मुख्याधिकारी म्हणाले. “कुणाची आक्का?”

मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मी जन्माच्या वहीची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. नाव, नवऱ्याचं नाव, ऊर्फ, घर नंबर, सगळं एका ओळीत. त्यावर सलीमभाईंचं खरेदीखत ठेवलं. साहेबांनी दोन्ही कागद दोनदा वाचले. मग खरेदीखताची तारीख इंजिनियर साहेबांना दाखवली. ती त्या दोघांच्याही जन्माच्या आधीची होती.

“आणि हा ओटा?” इंजिनियर साहेब म्हणाले. “तो तरी रस्त्यात आहे. मातीच्या घराला सिमेंटचा ओटा जुना कसा असेल?”

मी काही बोलायच्या आत कमलताई म्हणाल्या, “ओटा मी बांधला साहेब, नंतर. तो पुढे आलाय. तो तुम्ही काढा.”

मी त्यांच्याकडे रागानं बघितलं. वकील असते तर तिथेच डोकं धरलं असतं. पण साहेब पहिल्यांदाच हसले, आणि मला वाटतं, बाकीचं सगळं त्यांनी त्या वाक्यानंतर खरं मानलं. आदेश निघाला. घर पूर्वीपासून अस्तित्वात आहे, अतिक्रमणाच्या यादीतून वगळावे, ओटा तीस दिवसांत काढावा, आणि रस्त्यासाठी जागा लागलीच तर रीतसर संपादन करावे. रस्ता आता समोरच्या बाजूनं थोडा वळवला आहे. इंजिनियर साहेब मला भेटले की नमस्कार करतात, मनापासून नसेल, पण करतात.

हे इथेच संपायला हवं होतं. पण आदेशाप्रमाणे कॉम्प्युटरातली जुनी नोंद काढून दुरुस्त नोंद नव्यानं भरायची होती, आणि कागदात दुरुस्त झालं म्हणजे कॉम्प्युटरात झालंच असं मी मानत नाही. म्हणून मी त्याच दुपारी ऑपरेटर बाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. त्याही त्याच गावच्या, त्यांची दोन्ही मुलं कमलताईंच्या अंगणवाडीत जाऊन आलेली.

“घर नंबर सत्तेचाळीस,” देवरे आदेश हातात धरून सांगू लागले. “धारकनं नाव, ताई.”

ऑपरेटर बाईंनी टाइप केलं. स्क्रीनवर अक्षरं उमटली, ‘ताई’. त्यांचं बोट पुढच्या रकान्याकडे निघालंसुद्धा. दोघांपैकी कुणालाच त्यात काही चुकलं असं वाटलं नव्हतं.

“थांबा,” मी म्हटलं. “पुसा ते.”

“का?”

“नाव विचारा त्यांना. समोर उभ्या आहेत. तोंडावर विचारा.”

ऑपरेटर बाई लाजल्या. देवरे छताकडे बघू लागले. शेवटी कमलताईंनीच सांगितलं, आपलं पूर्ण नाव, नवऱ्याचं, आडनावासकट, शाळेतल्या हजेरीसारखं एकेक शब्द तोडून. मग पुढचा रकाना आला, पूर्वीचे धारक.

“वत्सलाबाई दौलत सोनवणे,” त्या म्हणाल्या. ऑपरेटर बाईंनी लिहिलं. कमलताई स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग पुढे वाकून म्हणाल्या, “त्याना पुढे ऊर्फ आक्का बी लिखा. नही ते गावले कसं समजी, कोन ते?”

मी लिहू दिलं. त्यांचंही खरंच होतं.

आता माझ्याकडे शोधासाठी कुणी आलं की मी वहीत आधी दोन रकाने आखते. पहिल्यात नाव. दुसऱ्यात, गाव त्यांना काय म्हणतं. लोक पहिला रकाना भरताना आठवत बसतात, दाखले काढतात, मुलांना फोन करतात. दुसरा कुणालाही विचारावा लागत नाही. मी आता शोध तिथूनच सुरू करते.